केळ्याची मात्रा

(तृतीय वर्ष, कला)

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. माझी मावशी बाळंतपणासाठी कल्याणच्या एका रुग्णालयात दाखल झाली होती. गरोदरपणात नेहमी होणाऱ्या रक्ततपासणीत तिला ‘हिपॅटायटिस बी’ या काविळीच्या विषाणूचा संसर्ग असल्याचे आढळले होते. तिला स्वतःला कसलाच त्रास नव्हता. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, काही नाही. पण डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते, की बाळ जन्मल्यावर बारा तासांच्या आत त्याला दोन सुया टोचायच्या. एक लशीची आणि दुसरी ‘इम्युनोग्लोब्युलिन’ची. लस रुग्णालयात होती. दुसरे औषध बाहेरून आणायचे होते.

बाळ दुपारी झाले, अपेक्षेपेक्षा दहा दिवस आधी. कल्याणात तीन दुकाने पालथी घातली, औषध नाही. शेवटी ठाण्याच्या एका दुकानात असल्याचे फोनवर कळले. बाबा दुसऱ्या पाळीला गेले होते, मावशीचे यजमान रुग्णालयात अडकलेले. मी त्या वेळी ठाण्यातच होते, म्हणून काम माझ्यावर आले. दुकानदाराने बोटाएवढी बाटली कापसात गुंडाळली, वर वर्तमानपत्राची घडी केली, बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवली आणि बजावले, “ताई, बर्फाला थेट टेकू द्यायची नाही. गरम झाली तरी बाद, गोठली तरी बाद.”

संध्याकाळची सातची गाडी. महिलांच्या डब्यात थर्मास छातीशी धरून मी उभी. शेजारची एक बाई म्हणाली, “दूध आहे का गं? सांडेल हो.” मी नुसती मान हलवली. गाडी ठाणे सोडून कळव्याच्या दिशेने खाडी ओलांडू लागली, तेव्हा समोरच्या बाकावरच्या आईने रडणाऱ्या पोराला केळे सोलून दिले. पोर गप्प झाले. ते केळे पाहून माझ्या मनात आले, निसर्गाने केवढी सोय केली आहे! ना बर्फ, ना बाटली, ना सुई. आत काय ते स्वच्छ, वर सोलून टाकायचे वेष्टन. औषधच केळ्यात तयार झाले असते तर?

त्या रात्री औषध वेळेत पोचले. विचार मात्र डोक्यातून गेला नाही. तो माझा स्वतःचा, वेडगळ विचार आहे असे मला वाटत होते. शास्त्र शाखेत शिकणाऱ्या एका मैत्रिणीला सांगितला, तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, “हे करून पाहिलेले आहे. आणि कुठे, ते वाच म्हणजे तुला गंमत वाटेल.” खरोखरच वाटली. ज्या खाडीवरून मी थर्मास घेऊन आले, तिच्याच काठी, दक्षिणेला ट्रॉम्बे येथे, भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी काविळीच्या लशीचे प्रथिन केळीच्या झाडात तयार केले होते. मग हे केळे बाजारात का आले नाही? या एका प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचले, ते इथे मांडत आहे. शास्त्राच्या प्राध्यापकांनी माझ्या चुका पदरात घ्याव्यात.

प्रारंभ प्रथिनापासून करू. आपल्याला प्रथिन म्हटले की डाळ, अंडी आठवतात. पण शरीरातली बहुतेक कामे करणारे कारागीर म्हणजे प्रथिनेच. रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्शुलिन हे प्रथिन, जंतूंना ओळखून पकडणारी प्रतिपिंडे ही प्रथिने. माझ्या थर्मासमधल्या बाटलीतही प्रतिपिंडेच होती, दुसऱ्या कुणा माणसांच्या रक्तातून वेगळी काढलेली. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. ही माळ विशिष्ट घडीत दुमडली गेली तरच ती कामाची. उष्णतेने घडी मोडली, की माळ शाबूत असूनही औषध निकामी होते. अंडे उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही, त्यातलाच हा प्रकार. बर्फाची सारी यातायात या घडीसाठी असते.

एवढी नाजूक आणि गुंतागुंतीची वस्तू कारखान्यात रसायने मिसळून सहजी बनत नाही. ती जिवंत पेशीकडूनच करवून घ्यावी लागते. १९८२ पूर्वी मधुमेहाच्या रुग्णांना मिळणारे इन्शुलिन कत्तलखान्यातील गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले असे. काविळीच्या लशीची कथा तर अधिकच विलक्षण आहे. या विषाणूच्या बाह्य आवरणावरील प्रथिनाचा शोध बरूच ब्लमबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाला १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात लागला. त्याबद्दल त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे आवरणाचे प्रथिन एकटे असताना रोग निर्माण करीत नाही. शरीराला शत्रूचा गणवेश मात्र दाखवून ठेवते. त्याचीच लस होते. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली लस रोगवाहक माणसांच्या रक्तद्रवातून गाळून काढीत. म्हणजे लशीसाठी रोगी हवेत, असा विरोधाभास! १९८६ पासून हेच प्रथिन यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वाच्या, पेशींकडून तयार करून घेतले जाऊ लागले.

यीस्टला माणसाच्या रोगाचे प्रथिन बनवता येते, ते कसे? इथे कला शाखेच्या वाचकांसाठी आपल्या घरची उपमा देते. प्रत्येक पेशीत एक पोथी असते, आणि कोणते प्रथिन कसे ओवायचे याची एकेक ओवी तिच्यात असते. त्या ओवीला जनुक म्हणतात. नवल असे, की माणूस, केळ, यीस्ट, विषाणू या सर्वांच्या पोथ्या एकाच लिपीत लिहिलेल्या आहेत. म्हणून एका पोथीतली ओवी उचलून दुसरीत घातली, तर तिथला लेखनिक ती बिनतक्रार वाचतो आणि सांगितलेले प्रथिन ओवून देतो. जुन्या ग्रंथांत मागाहून घुसलेल्या ओव्यांना आपण ‘प्रक्षिप्त’ म्हणतो, आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो अशा भेसळीला कंटाळूनच. जीवशास्त्रज्ञ उलटा उद्योग करतात. ते जाणूनबुजून एक ओवी प्रक्षिप्त करतात.

वनस्पतीच्या पोथीत ही ओवी घालणारा हात मात्र माणसाचा नाही. ‘ॲग्रोबॅक्टेरियम’ नावाचा एक जीवाणू मातीत राहतो. झाडाला जखम झाली की तो तिथे शिरतो आणि स्वतःची काही जनुके झाडाच्या पेशीत सोडतो. त्यामुळे झाडाला गाठी येतात. माणसाने एवढेच केले, की या जीवाणूची गाठी आणणारी जनुके काढून त्यांच्या जागी आपल्याला हवे ते जनुक बसवले. चोराच्या हाती आपली चिठ्ठी देऊन ती घरात पोचवावी, तसे. या युक्तीने १९८९ मध्ये अँड्र्यू हायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या झाडात प्रतिपिंडे तयार करून दाखवली. १९९२ मध्ये ह्यू मेसन, चार्ल्स आर्न्टझेन आदींनी काविळीच्या लशीचे प्रथिन तंबाखूच्या पानांत निर्माण केले. आर्न्टझेन यांच्याच डोळ्यांसमोर ‘खाण्याच्या लशी’चे स्वप्न होते, आणि त्यांना सर्वांत आवडलेले फळ होते केळे. कारण उघड आहे. बटाटा शिजवावा लागतो, आणि शिजवला की प्रथिनाची घडी मोडते. केळे कच्चेच खातात, लहान मुलांना आवडते, आणि ज्या उष्ण देशांत लस पोचवणे कठीण तिथेच ते पिकते.

आता ट्रॉम्बेकडे वळू. अणुसंशोधन केंद्र म्हटले की आपल्यापुढे अणुभट्टीचा घुमट उभा राहतो. पण १९५४ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९६७ मध्ये होमी भाभांचे नाव मिळालेल्या या संस्थेत शेतीचे कामही जुने आहे. ‘टीएजी-२४’ हा शेतकऱ्यांना परिचित असलेला भुईमूग तिथलाच. तिथेच केळीच्या उतिसंवर्धनावर, म्हणजे पेशींपासून काचेच्या बाटलीत रोप वाढवण्याच्या विद्येवर, टी. आर. गणपती आणि विश्वास बापट यांचा गट काम करीत होता. केळीच्या बाबतीत ही विद्या अपरिहार्य आहे. आपल्या खाण्याच्या केळ्यात बी नसते. केळ मुनव्यांपासून लावतात. त्यामुळे नवे जनुक घालायचे तर ते बियांच्या मार्गाने पुढे नेता येत नाही. एका पेशीत जनुक घालायचे आणि त्या एका पेशीपासून पुरे झाड उभे करायचे, एवढाच रस्ता.

या गटाने दक्षिणेत ‘रस्थाळी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केळीच्या पेशी घेतल्या आणि ॲग्रोबॅक्टेरियमच्या हाती चिठ्ठी दिली. चिठ्ठी एकच नव्हती. चार निरनिराळ्या रचना करून कोणत्या रचनेत प्रथिन अधिक तयार होते ते पाहिले. सुनील कुमार, गणपती, रेवती, श्रीनिवास आणि बापट यांचा हा निबंध २००५ मध्ये ‘प्लांटा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केळीच्या झाडाने काविळीच्या विषाणूच्या आवरणाचे प्रथिन खरोखर तयार केले होते. गाडीतल्या डब्यात मला सुचलेली कल्पना मी शाळेत जाण्याच्या वयाची होण्याआधीच, खाडीच्या काठावर, पानापानांत उतरली होती!

पण त्या निबंधातला एक आकडा मी वहीत उतरवून घेतला, आणि माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे. प्रयोगशाळेतल्या रोपांच्या पानांत अधिकात अधिक प्रथिन मिळाले ते दर ग्रॅमला ३८ नॅनोग्रॅम. हरितगृहात वाढवलेल्या झाडांच्या पानांत अधिकात अधिक सुमारे २० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. मोठ्या माणसाला टोचण्याच्या लशीच्या एका मात्रेत २० मायक्रोग्रॅम प्रथिन असते, म्हणजे २०,००० नॅनोग्रॅम. भागाकार करा. रोपाची सव्वापाचशे ग्रॅम पाने किंवा हरितगृहातल्या झाडाची किलोभर पाने, तेव्हा कुठे एका सुईएवढे प्रथिन भरते. तेही कण वाया न जाता, आणि टोचायचे ठरवले तर. खायचे म्हटले की हिशेब पार बदलतो.

तो किती बदलतो, हे त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. तो यास्मिन ठाणावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. (आडनाव वाचून आम्हा ठाणेकरांचे कान टवकारावेत!) त्यांनी हेच प्रथिन बटाट्यात तयार केले होते. दर ग्रॅमला सुमारे साडेआठ मायक्रोग्रॅम, म्हणजे केळीच्या पानांच्या दोनशे पटींहून अधिक. ज्यांनी पूर्वी काविळीची लस घेतली होती अशा स्वयंसेवकांना १०० ग्रॅम कच्चे बटाटे खायला दिले. एका वेळच्या बटाट्यांत साधारण ८५० मायक्रोग्रॅम प्रथिन, म्हणजे सुईतल्या मात्रेच्या चाळीस पट. तीनदा बटाटे खाणाऱ्या १६ जणांपैकी १० जणांच्या आणि दोनदा खाणाऱ्या १७ जणांपैकी ९ जणांच्या रक्तातील प्रतिपिंडे वाढली. बाकीच्यांची वाढली नाहीत. कल्पना खरी ठरली, हे यश मोठेच. पण चाळीस पट प्रथिन देऊनही, आणि आधी लस घेतलेल्या माणसांतही, दहातल्या चौघांवर परिणाम दिसला नाही.

असे का व्हावे? एक कारण सोपे आहे. पोटातील आम्ल आणि पाचकरस यांच्या लेखी लस आणि डाळ सारखीच. दुसरे कारण अधिक विचार करायला लावणारे आहे. आपण रोज परक्या प्राण्यांची आणि झाडांची प्रथिने गिळतो. प्रत्येक घासाला शरीराने शत्रू मानून शस्त्रे उपसली, तर जेवणे अशक्य होईल. म्हणून आतड्याला एक शहाणपण उपजतच असते. जे अन्नातून वारंवार येते, ते आपले म्हणून चालवून घ्यायचे. आता थोडे थोडे लशीचे प्रथिन रोज केळ्यातून पोटात जाऊ लागले, तर शरीर शत्रूला ओळखायला शिकण्याऐवजी त्याला पाहुणा समजू लागेल, ही भीती आहे. कमी मात्रा म्हणजे कमी उपयोग, एवढ्यावर ती थांबत नाही. चुकीची मात्रा उलट शिकवण देऊ शकते.

इथे मला आमच्या आजीची बाळगुटी आठवते. मावशीचा मुलगा घरी आल्यावर आजीने सहाण काढली, आणि जायफळ, वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग ओळीने मांडली. गुटी द्यावी की नाही, हा वाद मी डॉक्टरांवर सोडते. मी पाहत होते ते तिचे मोजणे. कशाचा एक वेढा, कशाचे दोन, आणि जायफळाला तर हात जपूनच. मी विचारले, “आजी, एखादा वेढा जास्त झाला तर?” ती म्हणाली, “मग ते औषध कसलं? मात्रेत असलं तर औषध.” आपल्या भाषेने हा शब्द फार विचारपूर्वक जपलेला दिसतो. वैद्याच्या पुडीत मात्रा, छंदाच्या चरणात मात्रा, अक्षराच्या डोक्यावर मात्रा. तिन्हीकडे अर्थ एकच, मोजून ठेवलेली वस्तू. उपाय चालला की आपण ‘मात्रा लागू पडली’ म्हणतो. वस्तू लागू पडली, असे कोणी म्हणत नाही.

आणि केळे तर मोजमापाचे हाडवैरी! एकाच लोंगरातल्या वरच्या आणि खालच्या फणीतली केळी सारखी नसतात. आज पिवळे असलेले केळे परवा काळे पडते, आणि पिकताना त्याच्या आतले सगळे रसायन पालटते. मूल एक खाईल, अर्धे टाकील, किंवा आवडले म्हणून चार खाईल. ज्या गुणांसाठी केळ्याची निवड झाली, की ते गोड, स्वस्त आणि मुलांना हवेसे वाटणारे आहे, तेच गुण औषध म्हणून त्याच्या आड येतात.

माझे बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात काम करतात. त्यांना हे सगळे उत्साहाने सांगितले, तेव्हा त्यांनी जेवता जेवता एकच विचारले, “बॅच नंबर कुठे छापणार?” मी हसले, पण ते गंभीर होते. त्यांच्या कारखान्यात प्रत्येक बॅचचा नमुना राखून ठेवतात. कुठे तक्रार आली, तर कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर, कोणत्या पिंपातून ती गोळी निघाली हे सांगता आले पाहिजे. “ज्याची बॅच सांगता येत नाही,” ते म्हणाले, “ते गुणाचं असेल, पण त्याला औषध म्हणता येत नाही.” आजीचे वेढे आणि बाबांचा बॅच नंबर, दोघे एकच गोष्ट सांगत होते.

बॅच नंबरचा प्रश्न शेताच्या बांधावरही उभा राहतो. २००१ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने डुकरांच्या लशीचे प्रथिन तयार करणारा मका लावला होता. पुढच्या हंगामात त्याच शेतात सोयाबीन पेरले. सांडलेल्या दाण्यांतून मक्याची रोपे मधून मधून उगवली आणि सोयाबीनबरोबर कापली गेली. शेवटी सुमारे साडेतेरा हजार टन सोयाबीन नष्ट करावे लागले, आणि कंपनीला अडीच लाख डॉलर दंड झाला. केळीला बी नाही, त्यामुळे ती अशी आपोआप उगवून पसरणार नाही, ही तिची जमेची बाजू. पण वाडीतून निघालेला घड बाजारात कुठे जातो, याला बी असण्या-नसण्याशी काय कर्तव्य? वसईच्या वाड्यांत, म्हणजे २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, राजेळी केळी पिकतात आणि त्यांची सुकेळी होतात. तसल्या एखाद्या वाडीशेजारी औषधी केळीची बाग आहे अशी कल्पना करा. कल्याणच्या बाजार समितीत उतरलेल्या गाडीतला कोणता घड कुठला, हे हमालाने कशावरून ओळखावे? आपल्याकडे बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, पण २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली, तेव्हा वाद खाण्याच्या वस्तूवरूनच पेटला होता. वांग्यातील प्रथिन किडीसाठी होते. औषधी केळ्यातील प्रथिन तर माणसावर परिणाम व्हावा म्हणूनच घातलेले असणार.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून आणखी एक कारण मला नोंदवले पाहिजे. केळ्याचा सगळा आधार स्वस्ताईवर होता. काविळीची आयात केलेली लस सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असे, तेव्हा या कल्पनेला धार होती. पण १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने यीस्टपासून भारतीय लस तयार करून बाजारात आणली, आणि किमती खाली आल्या. पुढे ही लस सरकारी लसीकरणात आली आणि २०११ मध्ये देशभर पोचली. केळे शर्यतीत उतरेपर्यंत शर्यतीचे बक्षीसच लहान झाले होते.

आणि शेवटचे कारण. ते कोणत्याही ग्रंथालयात न जाता मला त्या रात्री कल्याणच्या रुग्णालयातच दिसायला हवे होते. हा रोग आईकडून मुलाला जातो तो बहुधा जन्माच्या वेळी. तान्ह्या बाळाला लागण झाली, तर ती बहुतेक वेळा जन्मभर राहते आणि पुढे यकृत पोखरते. म्हणून लशीची पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत देतात, आणि पुढच्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात. बाळ वरचे अन्न खाऊ लागते सहाव्या महिन्यानंतर. म्हणजे ज्याला सर्वांत अधिक गरज, त्याला केळे खाताच येत नाही! काही तासांच्या त्या जिवाच्या मांडीत सुई गेली, तेव्हा तो जेमतेम डोळे उघडत होता. मी मात्र गाडीत त्याच्यासाठी केळ्याचे स्वप्न पाहत होते.

मग हे सारे संशोधन वाया गेले का? मुळीच नाही. केळे मागे राहिले, वनस्पती पुढे गेली. ‘खाण्याची लस’ हा शब्द हळूहळू मावळला आणि झाडाकडे फळ म्हणून न पाहता कारखाना म्हणून पाहणे सुरू झाले. २०१२ मध्ये अमेरिकेत गोशे नावाच्या दुर्मिळ आजारावरील एका औषधाला मान्यता मिळाली. ते बनते गाजराच्या पेशींत. पण गाजर म्हणून नव्हे. पेशी बंद पिशव्यांत वाढवतात, प्रथिन गाळून शुद्ध करतात, मोजतात आणि शिरेतून देतात. याच आजारावरचे औषध प्राण्यांच्या पेशींत बनवणाऱ्या एका कारखान्यात २००९ मध्ये विषाणू शिरला होता, आणि जगभरातल्या रुग्णांना तुटवडा सोसावा लागला होता. गाजराच्या पेशीला तो विषाणू बाधत नाही. जपानात तोक्यो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी पटकीवरील लशीचे प्रथिन तांदळात तयार केले. बंदिस्त जागेत भात पिकवायचा, दळायचा, आणि पिठाची मोजलेली मात्रा पाण्यातून द्यायची. हा तांदूळ साध्या तापमानात दीड वर्षाहून अधिक काळ टिकला. थर्मास मिरवलेल्या मला हे वाचून केवढा हेवा वाटला असेल! माणसांवर त्याची प्राथमिक चाचणीही झाली आहे. म्हणजे झाडाने बर्फाची अट सोडवली. फक्त फळाऐवजी पीठ घ्यावे लागले, कारण पीठ मोजता येते.

यश मिळाले म्हणजे मार्ग सुकर होतो, असेही नाही. कॅनडात तंबाखूच्या जातीच्या एका झाडात बनवलेल्या कोविडच्या लशीला फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पण त्या कंपनीत एका सिगारेट कंपनीची भागीदारी असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्याकडील मान्यतेची प्रक्रिया थांबवली, आणि वर्षभरातच मालकांनी तो उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. तंबाखूच्या झाडाने पुण्य केले, पण घराण्याचे नाव आडवे आले.

आपण ‘अन्न हेच औषध’ असे सहज म्हणून जातो. त्यात सत्य आहे, पण सरसकट नाही. अन्नाचा मोठेपणा असा, की ते मोजावे लागत नाही. भूक लागली की घ्या, पुरे झाले की थांबा. औषधाचा मोठेपणा असा, की ते मोजून दिले म्हणूनच भरवशाचे. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी केळीच्या पानातला अब्जांश मोजून प्रामाणिकपणे छापला, तेव्हा त्यांनी या दोन घरांमधली भिंत किती जाड आहे तेच दाखवले. ती ओलांडायची तर केळ्याला केळेपण सोडावे लागेल. गाजराने आणि तांदळाने ते सोडले.

मावशीच्या मुलाची वर्षाच्या आतबाहेर रक्ततपासणी झाली. संसर्ग नाही. लागण झालेली नाही आणि अंगात प्रतिपिंडे आहेत, एवढेच त्या कागदावर होते, पण मावशी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसली होती. आता तो दुडूदुडू चालतो. परवा मी कल्याणला गेले, तर स्वारी दोन्ही हातांनी केळे धरून खात होती. अर्धे पोटात, अर्धे अंगावर. किती खाल्ले ते कुणी मोजत नव्हते.